जुन्या शेव्ही पिकअपसाठी डोनर ट्रक: इंजिनापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत काय काढायचं, कसं काढायचं

माझी पिकअप १९५१ची, शेव्हरोले ३१००. अर्ध्या टनाची. माझ्याकडे आली तेव्हा इंजिन चालू होतं: २१६ घनइंची, सहा सिलिंडर. त्याला तीन गिअर आणि मागे ४.११चं डिफरन्शियल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे. गल्लीबोळात गोड चालायची. मोठ्या रस्त्यावर ताशी पन्नास मैल ओलांडले की बॉनेटखाली पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. म्हणून ठरवलं की एखादा अलीकडचा ट्रक (याला डोनर म्हणतात) घ्यायचा आणि त्यातलं इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल हिच्यात बसवायचं.

ठरवायला एक संध्याकाळ लागली. निस्तरायला दोन वर्षं, दोन डोनर आणि एक फुकट गेलेला अ‍ॅक्सल. ते फुकट गेलेलं तुमचं वाचावं म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. इंजिन ते चाक ही साखळी आहे. एक कडी बदलली की शेजारची बदलावी लागते. त्यामुळे आधी टेप, मग पाना.

१. आपल्या गाडीच्या पोटाखाली जा

डोनर शोधण्याआधी हे करा. १९४७ ते १९५५च्या सुरुवातीपर्यंतच्या अर्ध्या टनाच्या शेव्हीखाली पाहिलंत, तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) फिरताना दिसणारच नाही. तो एका जाड नळीच्या आत असतो. हीच टॉर्क ट्यूब. मागच्या टोकाला ती डिफरन्शियलला पक्की बोल्ट केलेली असते आणि पुढच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शेपटाशी एका मोठ्या गोल बॉलवर टेकलेली असते. गॅस दिला की अ‍ॅक्सल उलटा फिरू पाहतो, त्याला ही नळी आवरते.

याचा अर्थ असा की या गाडीत नुसता अ‍ॅक्सल किंवा नुसता गिअरबॉक्स बदलायचा बेत मनात असेल, तर तो सरळ जमत नाही. नळी गेली की दोन्ही गेले. मला हे कळलं तेव्हा अ‍ॅक्सल आधीच दारात येऊन पडला होता.

१९५५मध्येच नंतर आलेल्या नव्या बॉडीच्या शेव्हीत शाफ्ट उघडा आहे. फोर्डच्या १९४८च्या एफ-१मध्येही तो उघडाच आहे. तुमची गाडी यांपैकी असेल तर तुमचं निम्मं दुखणं कमी.

आता वहीत ही मापं लिहा:

- मागच्या अ‍ॅक्सलची रुंदी. ब्रेक ड्रमच्या ज्या पृष्ठभागावर चाक टेकतं तिथपासून पलीकडच्या तशाच पृष्ठभागापर्यंत. हाउसिंगच्या टोकांमधलं अंतर चालत नाही.
- दोन्ही पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्यरेषांमधलं अंतर, आणि पाट्याची रुंदी.
- चाकाच्या बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. शेव्ही ३१००ला सहा बोल्ट, साडेपाच इंच.
- मडगार्डच्या आतल्या कडेपासून टायरपर्यंतची जागा.
- टायरची उंची.
- फायरवॉलपासून रेडिएटरपर्यंतची लांबी, आणि स्टिअरिंग बॉक्स चेसिसच्या आत किती शिरलाय ते.

२. गिअरचं गणित कागदावर करा

सूत्र साधं आहे. ताशी मैल गुणिले डिफरन्शियलचं गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचांत. उत्तर येतं ते इंजिनाचे मिनिटाला फेरे, टॉप गिअर एकास एक असताना.

माझ्या २८ इंची टायरवर ताशी ६० मैलांना ४.११ला २,९५९ फेरे येतात. पिठाची गिरणी ती हीच. ३.७३चं डिफरन्शियल घेतलं तर २,६८६. एवढ्याने काही आयुष्य बदलत नाही. पण ४एल६०ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.७०चा आहे. तो धरला की तेच फेरे १,८८० वर येतात. म्हणजे खरी करामत गिअरबॉक्सची आहे, अ‍ॅक्सलची नाही. हा हिशोब आधी केला असता तर मी अ‍ॅक्सलच्या मागे आधी धावलोच नसतो.

३. डोनर निवडताना

मी इंजिन-गिअरबॉक्ससाठी शेव्हरोले सिल्व्हराडो घेतली: ५.३ लिटरचं व्ही-८ आणि त्याला जोडलेला ४एल६०ई. ही इंजिनं १९९९च्या सिल्व्हराडोपासून ढिगाने बनली, त्यामुळे पार्ट आणि माहिती दोन्ही मिळतात.

सुटं इंजिन घेऊ नका, आख्खा ट्रक घ्या. सुट्या इंजिनाबरोबर वायरिंग कापलेलं येतं, संगणक दुसऱ्याच गाडीचा येतो आणि ब्रॅकेट तर येतच नाहीत.

मागून ठोकलेली गाडी आपल्याला चालते. पुढून ठोकलेली नको. क्रँकची पुली, सेन्सर, इंजिनाचे माउंट, गिअरबॉक्सच्या घंटीचा (इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाचा) कान यांतलं काहीतरी तडकलेलं असतं आणि ते धुऊन पुसल्यावरच दिसतं.

गाडी चालू असेल तर चालवून पाहा. विकणारा म्हणतो "चालू आहे", तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा स्टार्ट होते इतकाच असतो. चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. ४एल६०ईमध्ये रिव्हर्स, दुसरा आणि चौथा असे तिन्ही एकदम गायब असतील तर आतलं सन शेल (गिअर फिरवणारा एक वाटीसारखा भाग) तुटलंय. तिसऱ्यात इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी ओढत नाही, तर तिसऱ्या-चौथ्याचा क्लच जळलाय. दोन्ही दुखणी या गिअरबॉक्सची घराण्यातली आहेत.

मग तेलं पाहा. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून नाकाशी धरा. करपट वास आला तर पुढे जा. इंजिनाच्या तेलात दुधाळपणा म्हणजे पाणी. २००१ ते २००६च्या काही ५.३ इंजिनांच्या हेडला बारीक तडे जाऊन पाणी आत झिरपतं. त्या हेडवर ७०६ हा आकडा आणि ते ओतणाऱ्या कास्टेक कंपनीचं चिन्ह ओतलेलं असतं. व्हॉल्व्ह कव्हर काढून आतल्या बोल्टांभोवती कूलंटचे डाग आहेत का बघा. नाहीत तर घाबरायचं कारण नाही. सगळीच हेड तडकत नाहीत.

२००७ नंतरच्या बहुतेक ५.३ इंजिनांत चालताना निम्मे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आहे. तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) बिघडतात. पहिल्यांदाच करत असाल तर त्या वाटेला जाऊ नका, असं माझं मत.

४. कागदपत्रं

- डोनरचं मालकीपत्र आणि विक्रीची पावती, दोन्ही. नुसती पावती नको.
- पावतीवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्या. चेसिस नंबरच्या पाटीचा फोटो काढा.
- आपल्या जुन्या पिकअपचं मालकीपत्र.
- मागच्या मालकाकडे कर्ज किंवा दावा बाकी नाही याचा दाखला.

इथे एक खड्डा आहे. अमेरिकेत त्या काळच्या कित्येक ट्रकांची नोंद इंजिनाच्या नंबरावर झालेली असते. तुमच्या मालकीपत्रावरचा नंबर दारालगतच्या पाटीवरच्या नंबराशी जुळतो की इंजिनावर ठोकलेल्या नंबराशी, ते इंजिन बाहेर काढायच्या आधी पाहा. इंजिनाशी जुळत असेल तर नोंद आधी दुरुस्त करून घ्या, आणि ती होईपर्यंत जुनं इंजिन विकू नका. डोनरची नंबराची पाटी काढून आपल्या गाडीवर लावणं हा गुन्हा आहे. कोणी "सगळेच करतात" म्हणालं तरी.

५. हत्यारं

पाने दोन्ही जातीचे लागतात: डोनर मिलिमीटरचा, म्हातारी इंचाची. मी पहिला आठवडा एकाच पेटीवर काढला आणि तीन बोल्टांची डोकी गोल केली. त्याशिवाय:

- दोन टनी इंजिन क्रेन आणि तिला लावायचा तोल साधणारा दांडा
- चार भक्कम घोड्या आणि गिअरबॉक्स जॅक
- लांब दांड्याचा पाना, टॉर्क पाना, गंज सोडवणारं तेल
- कोन मोजायचं डिजिटल यंत्र
- मॅग्नेट बेससकट डायल गेज
- झिपच्या पिशव्या, चिकटपट्टी, न पुसणारा मार्कर

शेवटची ओळ सगळ्यात स्वस्त आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ तीच वाचवते.

गाडी विटांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर उचलू नका. ठोकळा आधी सूचना देऊन फुटत नाही.

६. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढा

बॅटरी सोडवा. पेट्रोलच्या लाइनमध्ये साधारण ४ बारचा दाब असतो, तो रेलवरच्या व्हॉल्व्हमधून उतरवा. तोंडाशी फडकं धरा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. एसीचा गॅस हवेत सोडायचा नाही, मशीनवाल्याकडून काढून घ्यायचा.

मग डोनरचं आख्खं पुढचं तोंड सोडवा: बॉनेट, ग्रिल, रेडिएटर, त्याची चौकट. ही गाडी परत जोडायची नाही, त्यामुळे लाड नकोत. तोंड मोकळं झालं की इंजिन वर न उचलता जवळजवळ सरळ पुढे ओढता येतं.

वायरिंगचे मात्र लाड करा. एकही वायर कापू नका. प्रत्येक प्लग सोडवण्याआधी त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव, आणि एक फोटो. "हा तर लक्षातच राहील" असा प्लग हटकून तोच असतो जो सहा महिन्यांनी हातात धरून आपण बसतो.

इंजिनाबरोबर हे सगळं आलंच पाहिजे:

- इंजिनाचा संगणक, त्याच गाडीचा
- पूर्ण इंजिन हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि फ्यूज बॉक्स
- गॅसचं पेडल. २००३पासूनच्या ट्रकांत थ्रॉटलला केबल नाही, सगळं विजेवर आहे. त्याआधीच्यांत काही असे, काही तसे. विजेवरचं असेल तर पेडल, आणि वेगळा थ्रॉटल मॉड्यूल असेल तर तोही.
- एअर फ्लो सेन्सर, दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन सेन्सर
- इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट, क्रॉसमेंबरसकट
- गिअरबॉक्सची डिपस्टिक आणि तिची नळी, कूलरच्या लाइनी, गिअर लिव्हरची केबल
- प्रोपेलर शाफ्ट, निदान त्याचं पुढचं सरकणारं योक (गिअरबॉक्सच्या शेपटात शिरणारं टोक)
- प्रत्येक बोल्ट, ज्या भागाचा त्या भागाच्या पिशवीत

संगणकात चोरीविरोधी कुलूप असतं. ते प्रोग्रॅमिंगने उघडून घ्यावं लागतं, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं आणि आपण पेट्रोल पंप बदलत बसतो. (बदलला. बरा होता.)

इंजिन स्टँडवर आलं की तीन कामं उरका, कारण नंतर तिथे हात जात नाही. तेलाच्या पिकअप नळीची रबरी रिंग बदला. ती कडक झाली की पंप हवा ओढतो आणि तेलाचा दाब पडतो. इनटेकखालचे दोन नॉक सेन्सर बदला. तिथे पाणी साचून ते गंजतात. आणि मागचं क्रँक सील.

७. टॉर्क कन्व्हर्टर: इथे घाई नको

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केलेत तर परत जोडताना हे वाचा. आधी नाही वाचलं तरी चालेल, तेव्हा मात्र वाचा.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा. तो गिअरबॉक्सच्या तोंडात नुसता ढकलून बसत नाही. त्याला आत दोन जागी आटे (स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या खाचा) जुळवायचे असतात आणि शेवटी पंपाच्या खाचा. गिअरबॉक्स किंचित शेपटावर कलता ठेवा. कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरून हलका आत दाबत गोल फिरवा. एकदा "टक्" होतो, थोडा आत जातो. पुन्हा फिरवा, पुन्हा टक्. इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका. अजून एक खोल, जड टक् बाकी असतो. तो हाताला कळतो, कानाला कमी.

पडताळणी अशी. गिअरबॉक्स इंजिनाला बोल्ट न आवळता, हाताने, पूर्ण टेकला पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याच्या आणि फ्लेक्सप्लेटच्या (इंजिनाच्या मागच्या तबकडीच्या) मध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. मग त्याला पुढे ओढून बोल्ट करायचं. फट नाही आणि तुम्ही बोल्ट आवळून दोघांना जवळ आणताय, तर तुम्ही पंप फोडताय. माझ्या ओळखीच्या एकाने तो आवळून फोडला. आवाजही आला म्हणे, बिस्किट मोडल्यासारखा.

८. मागचा अ‍ॅक्सल

माझी चूक इथली. सिल्व्हराडोचा अ‍ॅक्सल फुकटात हाती आला होता. चाकाला सहा बोल्ट, साडेपाच इंच, म्हणजे जुन्या गाडीशी तंतोतंत जुळणारे. मी हरखलो. गाडीखाली सरकवून चाकं लावली तर टायर मडगार्डच्या बाहेर, बेडकाने पाय फाकावेत तसे. बोल्ट जुळले म्हणून रुंदी जुळते असं नाही. आधुनिक ट्रक रुंद आहेत.

शेवटी १९९०च्या दशकातल्या फोर्ड एक्स्प्लोररचा ८.८ इंची अ‍ॅक्सल घेतला. रुंदीला बसतो, ३१ आट्यांच्या दणकट शाफ्टचा आहे, आणि १९९५पासूनच्यांत डिस्क ब्रेक मिळतात. शेव्हीत फोर्डचं घातलं म्हणून जुने शौकीन नाक मुरडतात, मुरडू द्या. त्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा: चाकाला पाच बोल्ट, साडेचार इंची, त्यामुळे पुढचं हबही त्या मापाचं करावं लागतं, आणि पिनियन (शाफ्ट ज्याला जोडतो तो डिफरन्शियलचा छोटा गिअर) मध्यावर नाही, सुमारे दोन इंच एका बाजूला आहे.

गुणोत्तर कसं ओळखायचं? एक्स्प्लोररच्या दाराच्या स्टिकरवर अ‍ॅक्सलचा कोड असतो. डी४ म्हणजे ३.७३ लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरून फिरत राहू न देणारं डिफरन्शियल). शेव्हीच्या ट्रकात ग्लव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर पाहा: जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जी८० म्हणजे लॉकिंग. पण स्टिकरवर डोळे झाकून विश्वास नको, अ‍ॅक्सल आधी कोणी बदललेला असू शकतो. दोन्ही चाकं उचला, टायरवर आणि शाफ्टवर खडूने रेघ मारा. साधं डिफरन्शियल असेल तर एक चाक अडवून दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पावणेचारच्या किंचित आत आलं की ३.७३. लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरतात. तिथे एकच फेरा.

मागचं झाकण उघडून दाते पाहा. तेलात बारीक करडी पूड मॅग्नेटला चिकटतेच, ती चालते. चमचमणारे कण किंवा तुकडे चालत नाहीत. क्राउनचा (पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचा) खेळ डायल गेजवर मोजा, त्या मॉडेलला ठरवून दिलेल्या मापाबाहेर असेल तर जाणत्याला दाखवा. बेअरिंगच्या टोप्या सोडवायची वेळ आलीच तर डावी-उजवी खूण करूनच.

पाट्यांच्या बैठका जुन्या जागेवरून कापून नव्या मापाने वेल्ड कराव्या लागतात. आधी फक्त वेल्डचे टाके घाला. इंजिन, गिअरबॉक्स जागेवर, गाडी स्वतःच्या वजनाने चाकांवर उभी, आणि मगच कोन मोजा. गिअरबॉक्सचं शेपूट जितके अंश खाली, तितकेच अंश पिनियनचं नाक वर. फरक एका अंशाच्या आत. माझे ३ आणि ३ आले. गाडी घोड्यांवर लटकत असताना मोजलेला कोन खोटा असतो. यू-बोल्ट नवेच वापरा, एकदा ताणलेले परत नकोत.

९. शाफ्ट

शाफ्ट शेवटी करायचा. पुढचं योक सिल्व्हराडोचं, मागचा फ्लँज एक्स्प्लोररचा, म्हणून दोन्ही डोनरचे शाफ्ट जपून ठेवा आणि शाफ्टवाल्याकडे दोन्ही न्या. तो मधली नळी कापून, दोन मापांचा जॉइंट घालून, बॅलन्स करून देतो. लांबी मोजताना गाडी चाकांवर, आणि योक पूर्ण आत ढकलून साधारण एक इंच परत बाहेर.

१०. उरलेल्या कटकटी

जुनी गाडी ६ व्होल्टची. नवं इंजिन १२चं. सगळे बल्ब बदला, गेजना रोधक लावा. स्पीडोमीटर केबलवर चालतो आणि ४एल६०ईला केबलच नाही, विजेचा सिग्नल आहे. मध्ये तो सिग्नल केबलच्या फिरण्यात बदलणारी डबी लागते. ट्रकचं ऑइल पॅन खोल असतं, चेसिसखाली लोंबतं. उथळ पॅन घ्या. डावा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सला घासतो का ते इंजिनाचे माउंट पक्के वेल्ड करण्याआधी पाहा, नंतर नाही.

आणि ब्रेक. मूळ गाडीला एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. एवढं इंजिन घातल्यावर दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर बसवल्याशिवाय मी तरी फाटकाबाहेर जाणार नाही.

११. सांगाडा कधी टाकायचा

गाडी रस्त्यावर महिनाभर धावेपर्यंत डोनर भंगारात देऊ नका. शेजारी तक्रार करतील, घरचेही करतील, ताडपत्री घाला. मी सिल्व्हराडोचा सांगाडा घाईने दिला आणि तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्सच्या डिपस्टिकची नळी इंजिनाला धरणारी पट्टी लागली. वाकवलेला पत्रा, एक भोक, बोटाएवढी. आता तिथे मी घडवलेली पट्टी आहे, आणि ताशी ५५ला ती बारीक गुणगुणते.